दोन्ही हात दाखव

उज्ज्वला भेटली की आधी तुमचे हात हुंगायची. "हात दाखव. दोन्ही," म्हणायची, नाक खुपसायची आणि निकाल द्यायची, "सकाळी मेथी खुडली. अन् आंघोळ नाई केली."

आसेगावजवळच्या आमच्या शाळेत, नववीच्या वर्गात, ही एकमेव गुप्तहेर. घरी भाजीचा मळा, त्यामुळे कोणत्या कामानं हाताला काय चिकटतं हे तिला पाठ. मॉनिटर मात्र मी. फळ्यावर नावं मी लिहायची, पोरांची बोलणी मी खायची आणि कौतुक हिचं. मला तिचा भयंकर हेवा वाटायचा.

एकदा शाळेची घंटा वाजवायचा हातोडा गायब झाला. मी अख्ख्या वर्गाला उभं करून दम दिला. कुणी हूं की चूं केलं नाही. उज्ज्वलानं घंटेच्या दोरीवरचा हिरवट-काळा डाग भिंगातून पाहिला आणि पोरांना नळावर नेऊन साबणानं हात धुवायला लावले. एकाच्या हातावरचा फेस हिरवा-पिवळा झाला.

"टमाट्याचा पाला हाताले काळा चिकटते, साबणानं हिरवा सुटते. टमाटे तोडून आला हा," ती म्हणाली. "काढ हातोडा."

हातोडा त्याच्या सायकलला बांधलेल्या पोत्यात निघाला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सरांनी तिला पुढं बोलावलं आणि टाळ्यांची सुरुवात मॉनिटरनं करायची, म्हणजे मीच. माझे तळहात झोंबले, पण ते टाळ्यांमुळं नव्हे.

मग एक दिवस तिचं भिंगच हरवलं. जत्रेत घेतलेलं, लाल दांड्याचं. सगळी शाळा हसली, सगळ्यांत जास्त मी. गंमत म्हणजे ती कुणाचेच हात बघेना. हिची अक्कल संपली, आता ही केस आपली, असं मी ठरवून टाकलं.

वर्गात करुणा होती, इंझोरीहून मामाकडे शिकायला आलेली, अबोल. तिच्या डब्याच्या फडक्यावर मला बारीक, जळक्या कडांची छिद्रं दिसली. उन्हात भिंग धरलं की कापड असंच जळतं. शिवाय भिंग गेल्यापासून ती रोज मधल्या सुट्टीत उज्ज्वलाशेजारी बसून तिला आपला ठेचा वाढत होती. तिचं मन तिला खात होतं, हे उघड होतं.

मी उज्ज्वलाला नळाजवळ गाठलं आणि सगळं ऐटीत सांगितलं.

"मले पयल्याच दिवशी समजलं," ती म्हणाली.

माझा चेहरा पडला. "मंग मांगत काहून नाई?"

"मांगितलं तर करुणा देऊन टाकीन. मंग कायले येईन माह्याजवळ?" तिनं नळ उगाच घट्ट केला. "बाकीच्या पोरी मले पाह्यलं का हात लपवतेत. ते एकटीच डबा घेऊन येते. तू सांगू नोको कोणाले."

आयुष्यात मी एकच केस सोडवली आणि तीही कुणाला सांगायची सोय नाही. राग आला. त्याहून मोठा हेवा वाटला, तो करुणाचा.

मी कधीच उज्ज्वलाशेजारी का बसले नव्हते, ते आठवू लागले. तेव्हा लक्षात आलं, तिच्याशी बोलताना माझेही दोन्ही हात पाठीमागंच होते.

मी ते पुढं केले.

तिनं हुंगले.

"खडू," ती म्हणाली. "उद्या डबा घेऊन ये."