इनासमामांचा पन्नास मिनिटांचा चहा

इनासमामांकडे चहा हवा असेल, तर आधी हात धुऊन एका पुस्तकाचं पान बघावं लागे. पुस्तक आर्मेनियन भाषेतलं. आचोळ्याच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये ते कोणाला वाचता येत नव्हतं, खुद्द मामांनाही नाही.

मामा मूळचे आगाशीचे, ख्रिस्ती बागायतदारांच्या घरातले. लग्न केलं नाही. कुवेतला एका आर्मेनियन म्हाताऱ्याच्या स्टुडिओत काळ्यापांढऱ्या फोटोंना हाताने रंग भरण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. तिकडे लढाई पेटली तेव्हा एक पेटी घेऊन परतले आणि तळमजल्यावर आमच्या शेजारी राहायला आले. पेटीत कपडे थोडे. बाकी ब्रश, काचेचे दोन पेले आणि उस्तादाने दिलेलं ते पुस्तक. उस्ताद म्हणजे तो म्हातारा मालक.

त्या पुस्तकातली मोठी अक्षरं पक्ष्यांच्या आकाराची होती. एकाची चोच दुसऱ्याच्या शेपटीत.

"काय दिसतं?" मामा विचारायचे.

"बदक."

"नीट बघ. मान कोनाकडं वळवलीय?"

मान कुठे वळली आहे ते सांगितल्याशिवाय चहा पुढे सरकत नसे. "पण मामा, वाचता येत नाही तर उपयोग काय?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "उस्ताद वाचायचा, मी बघायचो. चाललं ना इतकी वर्सं?"

चहात दूध नाही, साखर नाही. उस्तादाच्या मुलखात चहात डोंगरातला कसलासा सुगंधी पाला घालतात. मामांनी खिडकीच्या ग्रिलमध्ये तेलाच्या डब्यात पानओवा लावून त्यावर भागवलं होतं. तिकडे सोबत सुका मेवा देतात, म्हणून इथे आगाशीहून बहिणीने धाडलेली सुकेळी, म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली केळी. शिवाय बशीत चमचाभर मुरांबा. "त्यांच्यातबी मुरब्बाच म्हनतात," हे मामा दर खेपेला नव्याने सांगत. ओव्याची पानं तीनदा धुवायची. मग पाणी चढवायचं. आपण कंटाळून "झालं का मामा?" म्हणावं, तर उत्तर ठरलेलं:

"पानी अजून बोललं नाय."

"काढ्यासाठी एवढा थाट!" आई म्हणायची. पण रविवारी मामा चर्चमधला मिस्सा आटोपून आले की मी हजर असायचो. यात माझं काही प्रेम उतू जात नव्हतं. घरी सापडलो तर आई बाजारात पिटाळायची.

मी तेव्हा एमबीए करत होतो. वाचन म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या नोट्स आणि चित्रं म्हणजे आलेख, इतपत माझी रसिकता. सरांनी एक काम दिलं: रोजची कुठलीही कृती निवडा, घड्याळ लावून मोजा आणि वाया जाणारा वेळ शोधून काढा. बाकीची मुलं कारखान्यांत गेली. मी आळशी, मामांच्या स्टुलावर बसून मनगटाकडे बघत राहिलो. एकूण मिनिटं पन्नास. चहाला खरी लागतात आठ. उरलेल्या बेचाळीस मिनिटांचे चौकोन मी कागदावर काळे केले. सर खूश झाले. म्हटलं, मामांनाही दाखवावं, म्हाताऱ्याचे कष्ट वाचतील.

मामांनी चष्मा लावला आणि पक्ष्यांचं पान बघावं तितक्याच सावकाश तो कागद बघितला.

"हे काळं काय?"

"वाया गेलेला वेळ."

त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. पाने दुसऱ्यांदा धुणे. पाने तिसऱ्यांदा धुणे. चित्र बघणे. गप्पा.

"बरं लिवलंस," म्हणाले, आणि कागदाची घडी घालून परत दिला.

पुढच्या रविवारी गेलो, तर पेला भरून तयार. सुकेळी कापलेली. पुस्तक पेटीत. चहा दोन घोटांत संपला. मी बसून राहिलो, मामाही बसून राहिले.

"आनखी काय पायजे?"

"नाही."

"मग जा बाबा. तुझा वेळ वाया नको."

यात टोमणा नव्हता, आणि तेच लागलं. टोमणा असता तर मी उलट काहीतरी बोललो असतो. माझ्या शिक्षणावर त्यांचा भाबडा विश्वास होता. आजवर आपण या मुलाचा वेळ खात होतो, असं त्यांना खरंच वाटलं होतं. बाहेर आलो तेव्हा ग्रिलमधून दिसलं, मामा दोन्ही पेले पुसून पेटीत ठेवत होते. दहाही वाजले नव्हते आणि त्यांचा रविवार संपला होता. मला स्वतःची लाज वाटली. समोरचं माणूस घटकाभर बसावं म्हणून जमवलेली ती बेचाळीस मिनिटं, आणि मी त्यांना काळं फासून मार्क मिळवले होते.

त्याच्या पुढच्या रविवारी लवकरच गेलो. मामा चहाच्या तयारीला लागणार इतक्यात म्हणालो, "मामा, तो कागद चुकलाय."

"काय चुकलं?"

"पानं तीनदा धुवावीच लागतात. मी एकदाच धरली होती."

"आनि पुस्तक?"

"ते तर आधी पाहिजे. त्या पक्ष्याची मान बघायची राहिलीय."

"तुझा मास्तर काय म्हनंल?"

"त्यांना चहातलं काय कळतं?"

मामा उठले. नळ सोडून पानं धुतली. एकदा, दोनदा, तीनदा. हात पुसून पेटी उघडली आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. मग गप्पांत उस्ताद निघाला, कुवेत निघालं, बहिणीची केळी निघाली. अर्धा तास तरी गेला असेल. सवयीने मी विचारलं, "झालं का मामा?"

"पानी अजून बोललं नाय."

मी ओट्याकडे पाहिलं. पातेलं होतं, पातेल्यात पाणी होतं. गॅस पेटवलेलाच नव्हता.

मी पुन्हा पक्ष्याची मान बघू लागलो.