मामांची न घेतलेली बंदूक

आमच्या सुदाममामांकडे गेलं, की पाण्याच्या आधी प्रश्न मिळतो. "समज, अस्वल अंगावर आलं. कोणती बंदूक घेशील?"

शहरातल्या छावणी भागात दोन खोल्यांत राहून हा माणूस अस्वलाची चिंता करतो. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांनाही गाठलं. व्याही बिचारे बँकेतले. 'रिव्हॉल्वर' म्हणाले. "अस्वलाला गुदगुल्या करायच्यात का, पाहुणे?" मामा भर पंगतीत खेकसले. रायफल म्हणावी, तर "झुडपातून धा हातांवर येतंय ते, नेम कवा धरशील?" दुनळी म्हणावी, तर "दोन्ही बार हुकले, मंग?" एकही बंदूक त्यांच्या पसंतीला उतरत नाही. मला ते सगळं ढोंग वाटायचं. चीड यायची.

चिडायला कारणही होतं. सोयगावकडं डोंगराच्या कडेला मामांचं शेत. घरात परवान्याची जुनी एकनळी होती. निवडणूक लागली, की सगळ्या परवानेवाल्यांप्रमाणे मामाही ती पोलीस ठाण्यात जमा करत आणि निकालानंतर परत आणत. एका वर्षी निकाल लागला, तरी त्यांनी ती आणली नाही. "आता नवीच घेऊ, चांगली पारखून. घाई नाय करायची." पारखण्यात तीन महिने गेले. आणि एका सकाळी मक्यात अस्वल निघालं. पुढं मामी होती. मामांच्या हातात काठी होती.

मामी वाचली, पण अर्धा चेहरा आणि जबडा गेला. उपचारांसाठी दोघं शहरात आले, ते इथंच राहिले. मामी कुणासमोर येत नाही.

परवा पुन्हा तोच प्रश्न आला आणि माझा तोल गेला. "मामा, बास करा! आता निवडून काय उपयोग?"

मामा मामीसाठी दुधात भाकरी कुस्करत होते. हात थांबला नाही. "निवडत नाय रे मी. अस्वलापुढं कोणतीच बंदूक चालत नाय, असं कुणीतरी म्हणावं, म्हणून इचारतो. धा वर्सं झाली. कुणी म्हणतच नाय."

मला स्वतःची लाज वाटली. "नसतीच चालली, मामा," मी म्हणालो. "ती जुनी घरात असती, तरी काही उपयोग झाला नसता."

मामांनी भाकरीचा शेवटचा तुकडा कुस्करला. मग वाटी उचलून आतल्या खोलीकडं जाता जाता म्हणाले, "तुला बंदुकीतलं काय कळतं?"