शोकाकुलच्या पुढची जागा

शेषरावभाऊ चहासुद्धा एको लावून मागवायचे. वरोऱ्याच्या बाजारात माझ्या वह्या-पेनांच्या दुकानाला लागून त्यांचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं, दारावर भोंगा. माइक हातात घेऊन ते म्हणायचे, "कांताबाई, दोन कट... कट... कट..." आणि समोरच्या टपरीतून कांताबाई ओरडायची, "आनतो न बाप्पा! काऊन गावाले सांगता?"

ऑटोवर भोंगा बांधून गावभर जाहिराती फिरतात ना, त्या भाऊ करायचे. साड्यांचा सेल, झाडीपट्टीतलं नाटक, हरवलेली म्हैस, कुणाचं निधन. गावात कॉम्प्युटर नवे होते तेव्हा. नागपूरची पोरं संगीत वेगळं, आवाज वेगळा घेऊन मागून जोडतात, हे ऐकून भाऊंना शिसारी यायची. त्यांचा कॉम्प्युटर संगीत वाजवायचा, त्याच वेळी भाऊ माइकवर बोलायचे, डाव्या हाताने एको कमीजास्त करायचे आणि सगळं मिळून एकदमच रेकॉर्ड व्हायचं. मधे कुणी खोकलं की पुन्हा पहिल्यापासून. "भातात वरण कालवल्यावर भात मोकळा होते का?" असं ते मलाच विचारायचे, कारण खोकणारा बहुधा मीच असायचो.

"एको म्हणजे मीठ हाय," ते म्हणत. सेलला चिमूटभर, नाटकाला मूठभर. निधनाला अगदीच थोडा. "मेलेल्याचं नाव लय घुमलं का लोकं भेतात."

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तिच्या निधनाचं रेकॉर्डिंगही त्यांनीच केलं, एका दमात, असं कांताबाई सांगायची.

सीडीवर नाव लिहायची त्यांना सवय नव्हती. एका बाजाराच्या दिवशी भाऊ जेवायला घरी गेले असताना ऑटोवाला गजू टेबलावरची सीडी उचलून गेला, साड्यांच्या सेलची समजून. थोड्या वेळाने बाजारात सनई वाजली आणि मागोमाग भाऊंचाच भारदस्त आवाज आला, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या गावचा आवाज शेषराव यांचे दुःखद निधन झाले आहे. अंत्ययात्रा दुपारी चार वाजता राहत्या घरून निघेल. शोकाकुल..."

पुढे नुसती सनई. लोकांना वाटलं, सीडी अडकली. भाऊंची सीडी अडकत नाही, हे मला ठाऊक होतं.

धावत त्यांच्या घरी गेलो तर भाऊ लुंगीवर ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. दोन-चार माणसं जमली होती. त्यातला एक तर घरच्या बारशाची सीडी तयार आहे का, हे विचारायला आला होता.

"आवाज साफ आला का?" भाऊंनी मला पहिलं हेच विचारलं. "एको जास्त तं नाई झाला?"

"हे काऊन करून ठेवलं भाऊ?" मी चिडलो. "आन चार वाजताच काऊन?"

"चारले ऊन उतरते. लोकाइले तरास नको." मग तंबाखू तशीच मुठीत धरून हळूच म्हणाले, "तिच्या वेळेस शोकाकुल म्हनाले मी होतो. माह्या वेळेस कोन हाय? म्हनून जागा सोडून देली."

वाईट वाटायचं तर मला रागच आला. रोज दोन्ही वेळचा चहा ज्याच्याबरोबर पितो, त्याला हा माणूस कोणीच धरत नाही! "चला दुकानात," मी म्हटलं, "माहं नाव टाका."

"मधातच टाकता येत नाई, वामनभाऊ. पयल्यापासून मराव लागन."

त्या संध्याकाळी भाऊ पहिल्यापासून मेले. सनई लावली, निधन सांगितलं, आणि 'शोकाकुल' म्हणून माइक माझ्याकडे सरकवला. मला फक्त माझं नाव घ्यायचं होतं. तेवढ्यातच आवाज फाटला, वर खोकला आला. मी माइक चालू आहे हे विसरून म्हणालो, "पुन्हा घेऊ."

दोन पावसाळ्यांनंतर गजूने त्या संध्याकाळची सीडी गावभर फिरवली, या वेळी चुकून नव्हे. बाजारात सनई वाजली, भाऊंनी आपलं निधन नीट सांगितलं. मग माझं फाटकं नाव, माझा खोकला, माझं "पुन्हा घेऊ". आणि शेवटी भाऊ, "ऱ्हाऊ द्या... ऱ्हाऊ द्या..."

ऐकणारे काही जण हसले. मी दुकान बंद केलं आणि चार वाजेपर्यंत त्या ऑटोच्या मागून चालत राहिलो, तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकायला.