बाळूअण्णांचं स्टेटस

राजारामपुरीत लग्नाचा आहेर आधी बाळूअण्णांच्या स्टेटसवर लागतो आणि मग मांडवात पोहोचतो. अण्णांचं भांड्यांचं दुकान आमच्या क्लासच्या बरोबर खाली. भांडं घेतलं की त्यावर मशीननं नाव घालून द्यायचं, ही जुनीच पद्धत. दुकानाच्या फोनवर व्हॉट्सॲप कसं चालवायचं हे मी त्यांना शिकवलं आणि अण्णा नाव घातलेल्या प्रत्येक भांड्याचा फोटो स्टेटसला लावायला लागले. कुठल्या मामानं काय दिलं, हे नवरीच्या अख्ख्या भावकीला लग्नाआधीच वाचायला मिळू लागलं.

मी म्हटलं, अण्णा, भेट अशी आधी फोडायची नसते.

“कळाय नको व्हय लोकास्नी?” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पावसाळ्यात दुकानात पाणी शिरलं तेव्हाही हेच म्हणत त्यांनी गुडघाभर पाण्यातल्या कढयांचा फोटो टाकला होता.

गंमत म्हणजे धंदा वाढला. मामानं पातेलं दिलंय हे बघून आत्या दुपारीच दुकानात हजर, आणि तिला त्याहून मोठं हवं. तिच्या पातेल्याचा फोटो पडला की मावशी पिंप न्यायला येई. जाहिरातीतल्या लोकांना जे जमत नाही ते अण्णांनी नात्यागोत्याच्या ईर्ष्येवर जमवलं होतं.

मात्र कुणी नुसतं “किंमत?” विचारलं की अण्णांना राग येई. आधी चौकशी. लगीन कुणाचं, पोरगी काय शिकलीया, पाऊसपाणी कसं हाय. राधानगरीच्या एका बाईंना कढईचा भाव हवा होता. तो कळेपर्यंत त्यांच्या म्हशीचं दुखणं अण्णांना तोंडपाठ झालं. बाईंनी कढई घेतलीच, वर एक परातही घेतली.

जगाच्या घरची विचारपूस करणाऱ्या ह्या माणसाचं सख्ख्या बहिणीशी बोलणं नव्हतं. सुमन त्यांची धाकटी बहीण, मलकापूरला दिलेली. आईच्या बाराव्याला अण्णा तिला चारचौघांत नको ते बोलले, तेव्हापासून येणंजाणं बंद. आपलं चुकलं हे त्यांना कळत होतं, पण फोन करून तसं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

भाचीचं लग्न ठरल्याचं त्यांना मलकापूरच्या एका मंडपवाल्याच्या स्टेटसवरून कळलं. त्यानं जाहिरात म्हणून नवरा-नवरीची नावं झळकवली होती. पत्रिका काही आली नाही. नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं, आणि ह्या मामाला बोलावणंच नव्हतं.

त्या सकाळी अण्णांनी दुकानातली सगळ्यात जड पितळी घागर काढली. बसून स्वतः नाव घातलं, ‘चि. पूजा हिस, मामाकडून’. फोटो काढून स्टेटसला लावला. मला ते बरं वाटलं नाही. बोलावणं नसताना असं चव्हाट्यावर कशाला, असं मी म्हणालो. अण्णा घागर पुसत राहिले.

“सुमन बघती माझं स्टेटस,” ते म्हणाले. “रोज बघती. बोलत न्हाय, पण बघती.”

रोजची ती पातेली, ती पिंपं, पाण्यातल्या कढया, सगळं कुणाला कळायला हवं होतं ते मला आत्ता समजलं.

दिवसभरात बहिणीकडून काहीच आलं नाही. नेहमीचे अंगठे आले. कुणीतरी घागरीची किंमत विचारली, तर अण्णांनी मुकाट्यानं आकडा कळवून टाकला. जेवणाचा डबा त्यांनी उघडलाही नाही.

दिवेलागणीला त्यांनी खालून हाक मारली. मी शिकवणं अर्धवट सोडून उतरलो. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि वाचायला सांगितलं. सुमनचा निरोप होता.

“घागर कुणाजवळ देऊ नगंस, दादा. तू घेऊन ये. मामा न्हाय तर मी मांडवात यायची न्हाय, म्हणतीया पोरगी.”

अण्णा स्टुलावर बसले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

“सर, परत एकदा वाचा की,” ते म्हणाले.

मी परत वाचलं, जरा सावकाश.