खुराक काय हाय?

भेटल्यावर लोक 'राम राम' म्हणतात, 'जेवण झालं का' विचारतात, काहीच सुचलं नाही तर उन्हाचं काढतात. आमचे आनंदा वस्ताद समोरच्याचा दंड चाचपतात आणि विचारतात, "खुराक काय हाय?"

समोर कोण आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. तालुक्याहून तपासणीला आलेल्या साहेबांचा दंड त्यांनी माझ्यादेखत दाबलाय आणि वर "फायली उचलून हात असा झाला व्हय?" असंही विचारलंय. हार घेऊन उभ्या असलेल्या नवरदेवालाही त्यांनी सोडलं नाही. एका मयताच्या घरी जाऊन "शेवटी शेवटी खुराक काय हुता?" म्हणाले, तेव्हा रडणाऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले ते हसू दाबायला.

मी या गावची अंगणवाडी सेविका आणि वस्तादांची शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मधोमध त्यांची तालीम. एके काळी तिथं रोज पहाटे चाळीस पोरं लाल मातीत घुमायची. आता निम्मी फौजेत आणि उरलेली सांगलीच्या जिममध्ये. "डब्यातली पावडर खात्यात, बाई!" वस्ताद सांगायचे. "पावडर ही पिठल्यात घालायची का पिकावर मारायची?" तालीम ओस पडली तरी ते रोज माती उकरायचे, तिच्यात ताक-हळद घालायचे. कुणासाठी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग एका रविवारी अंगणवाडीच्या छताचा गिलावा खाली आला. रविवार होता म्हणून वाचलो. दुरुस्ती होईपर्यंत मुलं तालमीत बसवायची असं ग्रामपंचायतीनं ठरवलं. वस्ताद कमरेवर हात ठेवून दारात उभे राहिले. आत सोळा मुलं आली. कुणाचं नाक वाहतंय, कुणाची चड्डी घसरतेय. वस्तादांनी एकेकाचा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि माझ्याकडे वळले.

"बाई, ही पोरं हायत का शेवग्याच्या शेंगा?"

मला राग आला. "मी अंगणवाडीत शिजवते ते पोटभर देते, वस्ताद. घरी काय मिळतं ते माझ्या हातात नाही."

"मग कुनाच्या हातात हाय?" ते म्हणाले. मी पोरांची नाकं पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी पोचण्याआधीच त्यांनी मुलांना ओळीत बसवून बदाम, खारीक, खसखस वाटलेली, वर तूप सोडलेली थंडाई पेलाभर पाजली होती. पहिलवानाचा खुराक आणि तीन वर्षांची पोटं! पुढचं सविस्तर सांगत नाही. दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक दोरीवर चड्ड्या वाळत होत्या आणि सोळा आया माझ्या दारात भांडायला उभ्या होत्या. वस्ताद उसात जाऊन बसले होते.

दिवेलागणीला ते मान खाली घालून आले. "चुकी झाली, बाई. पठ्ठ्याचा दम बघून डाव सांगाय पायजे हुता."

त्या दिवसापासून ते माझे शिष्य झाले. ते मात्र सगळ्यांना मी त्यांची पठ्ठी म्हणून सांगतात. लहान मुलाचं पोट त्याच्या मुठीएवढं, म्हणून थोडं थोडं आणि दिवसातून पाच वेळा. मऊ भात-वरणावर चमचाभर तूप, शेंगदाण्याचं कूट, अंडं, नाचणीची पेज. मी सांगत गेले, ते पाठ करत गेले.

पण आणायचं कुठून? इथं वस्तादांना तालमीचा जुना रिवाज आठवला. पूर्वी कुस्त्यांचं मैदान जवळ आलं की गावच्या पहिलवानाला घरोघरचं दूध जायचं. तोच नेम त्यांनी पोरांसाठी लावला. रोज दोन घरांची पाळी. मळ्यातली वस्ती असो, बौद्धवाडा असो की देशमुखांची आळी, कुणी सुटलं नाही. एका काकूंनी "आज कुणाच्या घरची अंडी?" म्हणून नाक मुरडलं, तर वस्ताद शांतपणे म्हणाले, "कोंबडीच्या घरची."

महिन्याच्या वजनाचा दिवस म्हणजे तर मैदानच. काट्याशेजारी हलगी वाजायची आणि वजन वाढलेल्या मुलाला वस्ताद स्वतः फेटा बांधायचे. फेटा नाकापर्यंत यायचा आणि आतून मूल भोकाड पसरायचं. पोरं जेवणाआधी शड्डू ठोकायला शिकली. वर्षभरात मुलांच्या वजनाच्या तक्त्यातले धोक्याचे लाल रंग पिवळे झाले, पिवळे हिरवे झाले.

एकच पठ्ठी चितपट होत होती. आरोही. अजून अंगणवाडीत बसायच्या वयाची नव्हती, वजनाला तेवढी यायची. दोन वर्षांची होत आली तरी साडेसात किलोवर अडलेली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "पंधरा दिवसांत आठ किलोवर गेली नाही तर मिरजेला दाखल करायचं. हिला साधा तापसुद्धा झेपणार नाही." तिची आई तिथंच रडायला लागली.

वस्तादांनी तिच्यासाठी रोज संध्याकाळी घरपोच डबा सुरू केला. उकडलेलं अंडं आणि दूध. चार दिवस गेले, काटा हलेना. वस्तादांना जेवण जाईना. "माझ्याच हातात दोष हाय का वं, बाई?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं. पाचव्या दिवशी डब्याच्या मागोमाग आम्ही दोघं तिच्या घरी गेलो.

आई मळ्यातून यायची होती. ओसरीवर आरोहीचा थोरला भाऊ शौर्य अंडं खात होता आणि त्याच्या ओठांवर दुधाच्या मिशा होत्या. आजी, हौसाक्का, त्याला कौतुकानं भरवत होती. आरोही कोपऱ्यात भाकरीचा तुकडा चघळत बसली होती. पुढ्यात ताकाची वाटी.

"आवं, पोराला ताकद पायजे," हौसाक्का म्हणाली. "पोरीची जात काय, ताकावर बी वाढती."

आता वस्तादांच्या आवाजानं गाव गोळा होणार, अशी माझी खात्री होती. पण ते पायरीवर बसले.

"आक्का, तुमास्नी काय बोलू?" ते म्हणाले. "माझ्या दारात दोन म्हशी हुत्या. सगळं दूध तालमीला. चाळीस पोरं दुधावर वाढिवली म्या. माझी लेक लता चुलीपशी बसून ताक-भाकरी खायाची. तिनं कवा मागितलं न्हाई अन् म्या कवा इचारलं न्हाई. पंधरा वर्साची पोर चक्कर यिऊन पडली, तवा डाक्टर म्हनला, हिच्या अंगात रगातच न्हाई. अन् मी गावभर वस्ताद म्हनून मिरवतुया."

हौसाक्कानं ताकाची वाटी बाजूला सारली. पेल्यात राहिलेलं दूध तिनं आरोहीच्या ओठांना लावलं. शौर्यचा चेहरा पडला, तसे वस्ताद म्हणाले, "रडू नगं रं. उद्यापास्नं दोन डबं."

त्या दिवसापासून दोन्ही डबे वस्ताद स्वतः न्यायचे आणि आरोहीचा शेवटचा घास संपेपर्यंत पायरीवरून हलायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी हौसाक्काच तिला मांडीवर घेऊन भरवायला लागली. प्रत्येक घासाला आरोही मांडीवर चापट मारायची, आणि ती मांडी हौसाक्काची असायची.

पंधराव्या दिवशी वजन घेतलं. काटा आठाच्या अलीकडे थरथरला आणि पुढं सरकून थांबला. तिच्या आईनं मला मिठीच मारली. मीही रडले, लपवत नाही. हलगी सुरू झाली, पण फेटा बांधायला वस्ताद कुठं दिसेनात.

ते मागच्या बाजूला लाल मातीच्या कडेला बसले होते. मांडीवर आरोहीचा फेटा, हातात मोबाईल.

"लतीला लावा जरा, बाई."

लता सांगलीत विश्रामबागेत राहते, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. दिवाळीला येते आणि दुसऱ्या दिवशी जाते. फोनवर बापलेक ऊस आणि पाणी यापलीकडे बोलत नाहीत. मी फोन लावून स्पीकर चालू करून दिला आणि हलगीवाल्याला हातानं थांबवलं.

"काय आबा? बरं हाय न्हवं?"

सगळ्या गावाला विचारून झालेला प्रश्न वस्तादांच्या तोंडातून निघता निघेना.

"लते, तुजा खुराक काय हाय गं?"

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

"सकाळी चहा-बिस्कीट, आबा," ती हळूच म्हणाली. "दुपारी डबा."

"रविवारी ये. म्हस व्यालीया. खरवस करतो."

"पोरांना द्या की आबा. मला उरलं तर बघू."

"उरल्यालं न्हवं," वस्ताद म्हणाले. "पयलं."

"येते," ती म्हणाली. वस्तादांनी मांडीवरच्या फेट्यानं तोंड पुसलं, उठले, आणि तोच ओला फेटा जाऊन आरोहीच्या डोक्याला बांधला.

"हलगी का थांबली रं?" ते ओरडले.