कडवं कापायचं नाही

आमच्या लिफ्टमधली बाई 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणाली, की समोरच्या घरातली वंदूताई न चुकता विचारते, "आवाज चांगलाय. पण लिहिलंय कोणी?" नवे पाहुणे बिचकतात. आम्ही मानखुर्दच्या या बिल्डिंगमधले लोक आता सरावलोय.

वंदूताई पॉप गायिका. ऑर्केस्ट्रात, हळदीत, जयंतीच्या स्टेजवर वर्षानुवर्षं गातेय. चमकीचा ड्रेस घालून ती स्टेजवर आली, की समोरची पोरं खुर्च्यांवर चढतात. पण गाण्याआधी ती गीतकाराचं नाव सांगते, मग गाव, मग तो पोटासाठी काय करायचा ते, आणि तोवर ढोलकीवाल्याचे हात गार पडतात. एका हळदीत तिनं डीजेला गाणं थांबवायला लावून गीतकार विचारला. तो म्हणाला, भाईचं गाणं आहे. कुठला भाई, हे ठरेपर्यंत नवरदेवाच्या अंगावरची हळद वाळली.

मागच्या वर्षी तिनं अल्बम काढायला घेतला. सगळी गाणी गोवंडी, मानखुर्द, वाकोल्याच्या वस्त्यांत राहून ज्यांनी लिहिली, त्यांची. कुणी गिरणीत होता, कुणी रस्ते झाडायचा. "यांच्या शब्दांवर माझी चूल पेटली," ती म्हणायची. "जेवणाऱ्यानं नाव घ्यायला नको?"

भानगड अशी, की ही मंडळी आपलं नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुंफायची. अमका म्हणे, तमका सांगे. आणि वेळ कमी पडला की गाणारे नेमकं तेच कडवं उडवायचे. गाणी घरोघर गेली, नावं मागे राहिली. वंदूताईचा सगळा खटाटोप त्या कडव्यांसाठीच होता.

रेकॉर्डिस्ट तरुण आणि हुशार. त्यानं शेवटची कडवी परस्पर कापली आणि गाणी कशी सुटसुटीत झाली ते कौतुकानं ऐकवलं. मी नुसता सोबतीला गेलेलो, मला तर बरीच वाटली. वंदूताईनं पर्स उचलली आणि अल्बम राहू दे म्हणाली.

"ताई, यार, शेवटचं कडवं ऐकतं कोण?" तो म्हणाला.

"लिहिणाऱ्याची बायको ऐकते."

कडवी परत आली.

अल्बम झाल्यावर ती मला घेऊन गोवंडीला गेली, त्यातल्या एका गाण्याचे गीतकार गणपतराव यांच्या घरी. ते जाऊन बरीच वर्षं झालेली. गणपतरावांचं घर हेच ना, असं मी दारात विचारलं, तर दार उघडणाऱ्या मावशी, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "हो, यांचंच." नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हा त्यांच्या पिढीचा नेम. यांची गाणी मंडपात खूप ऐकली, पण यांचं नाव कधी कानावर आलं नाही, असं त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या.

वंदूताईनं अल्बम वाजवलाच नाही. मांडी घालून स्वतः गायला बसली. मावशी भिंतीला टेकून ऐकत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. शेवटचं कडवं आलं. 'गणपत म्हणे, शीक लेकी, पुढं चाल गं.' मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि ओळ पुन्हा आली तेव्हा त्याही गायल्या. नावासकट. लाजत, हसत, डोळे पुसत. मला तिथं बसायला मिळालं, याचे वंदूताईचे उपकार मी विसरणार नाही.

निघताना मावशींनी तिला नाव विचारलं. वंदना, ती म्हणाली.

"वंदे, भाकरी टाकते. जेवून जा."

स्टेजवर ती वंदनाजी, बिल्डिंगमध्ये ताई, रिक्षावाल्यांची मॅडम. घरी एकटीच. एका पायात चप्पल घातलेली, ती तशीच उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली.

"आई गेल्यापासून असं कोणी बोलावलं नव्हतं रे," ती मला म्हणाली. मग चप्पल काढून आत वळली.

"मावशी, अजून एकदा हाक मारा ना."