अठरा हात आणि एक चार्जर

चैतालीने अठराही हात तपासले होते. एकेक करून. पहिला वर गेला, खाली आला; तिने वहीत बरोबरची खूण केली. मग दुसरा, तिसरा. अठरावी खूण झाल्यावर तिने वही मिटली, आणि चूक नेमकी तिथेच झाली.

पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या सोसायटीत नवरात्राचा देखावा यंदा आठवीतल्या चैतालीकडे होता. कागदाच्या लगद्याची सप्तशृंगी, प्रत्येक हाताला एक छोटी सर्व्हो मोटर, मोटरींना कधी किती वळायचं ते सांगणारा एक बोर्ड, सगळ्यांना वीज द्यायला मोबाइलचा चार्जर, आणि आरती सुरू झाली की अठरा हात एकदम वर! तीन महिने ती यासाठी खपली होती. अध्यक्ष उज्वलाकाकूंनी बजावलं होतं, "नाही जमलं तर गेल्या वर्षीचा धबधबा आहेच हं आपला."

सात वाजता आरती सुरू झाली. चैतालीने बटण दाबलं. हात बोटभर उचलले आणि पडले. पुन्हा उचलले, पुन्हा पडले. मग अठराच्या अठरा थडथडू लागले आणि त्यांच्यासोबत अख्खी मूर्ती.

टाळ्या थांबल्या.

"अगं बाई! आई थरथरतेय!" दुसऱ्या मजल्यावरच्या लताबाई किंचाळल्या.

"काकू, करंट कमी पडतोय!" चैताली ओरडली.

"देवीला कमी म्हणू नये," उज्वलाकाकूंनी दटावलं आणि स्वतःच हात जोडले. "माते, वरच्या मजल्यांवर पाणी कधी चढेल?"

अर्ध्या तासात शेजारच्या दोन सोसायट्या लोटल्या. नारळ आले, ओट्या आल्या, रांग लागली. चैताली बटण बंद करायला पुढे झाली, तर एकाने तिचा दंड धरला. "ए, मधे घुसू नको. मागून ये."

शेवटी चार्जर तापून आपोआप बंद पडला. आपला नारळ पोचला आणि देवी शांत झाली, असं लताबाईंनी जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चैताली दुरुस्तीला निघाली, तर काकू मांडवातच उभ्या. "हात लावू नकोस. इतकी गर्दी आपल्याकडे कधी झाली होती का?"

"पण काकू, काल सगळ्यांनी माझ्या चुकीची पूजा केली!" तिचे डोळे भरून आले.

काकू जरा नरमल्या. "बरं, आजची एक आरती तुझी. नाही जमलं तर मात्र ते थरथरणंच ठेवायचं."

आजोबा झुंबरराव अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं विजेचं काम करून निवृत्त झालेले. त्यांनी उत्तर सांगितलं नाही. सतरंजीवर बसून विचारलं, "एक मोटर हलताना अर्धा अँपिअर मागते असं धर. अठरा एकदम हलल्या तर?"

"नऊ."

"चार्जर देतो किती?"

तिने चार्जरवरची बारीक अक्षरं वाचली. "दोनच! म्हणजे पंगत नऊ जणांची आणि डबा दोघांचा. आजोबा, मी त्यांना एकदम जेवायला बसवून कधी बघितलंच नव्हतं."

तेवढ्यात शेजारचे द्राक्षबागायतदार खंडेराव आले. "त्यात काय एवढं? माझ्या पिकअपची बॅटरी लावा. बारा व्होल्ट! हात काय, मूर्तीच उडंल!"

"खंडेराव, द्राक्षाची झाडं वाढली तर तुम्ही पाइप मोठा टाकता, का फवारणीच्या प्रेशरने मुळं उडवता?" आजोबांनी विचारलं.

"पाइप मोठा टाकतो."

"मग इथेही चार्जरचे आहेत तसे व्होल्ट पाचच राहू द्या. अँपिअर वाढवू."

दुकानांच्या दिव्यांच्या पाट्यांमागे असतो तसा पाच व्होल्टचा, वीस अँपिअरचा सप्लाय आजोबांनी आणला. चैतालीने तो मोटरींना जोडला. बोर्ड चार्जरवरच राहिला. बटण दाबताच हात वाटेल तिकडे फिरू लागले आणि एकाने आजोबांचा चष्मा उडवला.

चष्मा शोधत ते शांतपणे म्हणाले, "दोघांचा सप्लाय वेगळा केलास, छान. पण बोर्ड सांगतोय ते मोटरींना कळायला दोघांत काय एक हवं?"

चैताली वायरींकडे बघत राहिली. मग तिने कपाळावर हात मारला. "काळी वायर! दोघांची ग्राउंड एकच हवी!" तिने बोर्डाची आणि नव्या सप्लायची काळी वायर एकत्र जोडली. या वेळी तिने अठरा हात एकदमच तपासले. दहा वेळा.

संध्याकाळी आरतीचा पहिला शब्द उमटला आणि अठरा हात संथपणे, एका लयीत वर गेले. वर जाऊन थांबले. म्हणणारे पुढचं कडवंच विसरले. पहिली टाळी उज्वलाकाकूंची होती. "राहू दे गं असंच," त्या म्हणाल्या. चैताली नुसती हसत उभी होती. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिला करायला काही उरलं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर सिन्नरहून लेकाकडे आलेल्या धोंडाबाई हळूच तिच्याजवळ आल्या. "पोरी, खरं सांग. काल ते हात मोटरीनंच हलत व्हते ना?"

"हो आजी." अखेर कुणीतरी विचारलं, म्हणून चैतालीला फार बरं वाटलं.

"आन् मान?"

"मानेला मोटर बसवलेलीच नाही."

धोंडाबाईंचा चेहरा उजळला. "तेच म्हन्ते मी! नातीचं लगीन जमंल का इचारलं, तर आईनं मान हलवली. लय जोरात. आन् ती बी बिनमोटरीची!"

अठरा हातांची थरथर मानेपर्यंत कशी पोचते, हे समजावून द्यायला चैतालीने तोंड उघडलं. झुंबररावांनी धोंडाबाईंकडे एकवार पाहिलं आणि नातीच्या उघड्या तोंडात पेढा घातला.

"आधी प्रसाद खा," ते म्हणाले.